किएलोचा पान्हा

राइली तिर्कोनेन लोमित्ताया होती. म्हणजे गोठेवाल्याला चार दिवस रजा मिळावी म्हणून त्याच्या गायींपाशी उभं राहणारं माणूस. त्या शब्दाच्या पोटात सुट्टी आहे खरी, पण ती कायम दुसऱ्याची. गावच्या कचेरीतून फोन आला की राइली आपली खटारा गाडी काढायची आणि सांगतील त्या गोठ्यात धारा काढायला हजर व्हायची. वडिलांच्या गायी भावाने विकून टाकल्या, तेव्हापासून तिची स्वतःची म्हणावी अशी एकही गाय नव्हती. ते दुःख तिने कुणाला सांगितलं नाही. आम्हा सावो मुलखातल्या माणसांना तशी सवयही नाही.

त्या वसंतात आउने कार्वोनेनची लेक स्वीडनमध्ये बाळंत झाली. आउने जन्मात कधी रजेवर गेली नव्हती. लेकीकडे निघायच्या दिवशी ती राइलीला गोठ्यात घेऊन गेली, ती बस चुकायची वेळ आली तरी बाहेर येईना.

"बाकीच्या गरीब आहेत गं. ही किएलो मात्र माझ्याशिवाय पान्हा सोडत नाही. मागे मी आजारी पडले, तर ताउनोला तिने लाथेने भिंतीला नेऊन लावला."

"लाथ गायीची, शिकवण हिची," दारातून तिचा नवरा ताउनो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा." आउनेने खुंटीवरचं आपलं निळं जॅकेट राइलीच्या हातात दिलं. "हे घालूनच धार काढ. वासाला फसेल."

राइलीला यात नवीन काही नव्हतं. घरोघरच्या मालकिणींची जॅकेटं अंगावर चढवण्यातच तिचा जन्म चालला होता.

किएलो फसली नाही. जॅकेट हुंगायची, मग राइलीकडे बघायची आणि खुशाल पान्हा चोरायची. राइलीने तिला ना दटावलं, ना लाडीगोडी लावली. धार झाली तरी ती तिच्या कुशीला डोकं टेकून नुसती बसून राहायची. एका सकाळी जॅकेट धुऊन चुलीजवळ वाळत टाकलेलं होतं, म्हणून ती आपल्याच उसवलेल्या स्वेटरमध्ये गोठ्यात गेली. किएलोने मान वळवली, तिच्या काखेत तोंड खुपसलं आणि भरभरून पान्हा सोडला.

राइली रडली. इतक्या गोठ्यांत इतक्या गायी पिळल्या, पण तिला तिच्याच अंगाच्या वासावर कुणी दूध दिलं नव्हतं. त्या दिवसापासून जॅकेट खुंटीवरच राहिलं. ताउनोने ते पाहिलं, नुसतं "अस्सं" म्हणाला आणि लाकडं फोडायला निघून गेला.

आउने परतली ती संध्याकाळच्या धारेच्या वेळी. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला, तशी राइली उठली. क्षणभर घुटमळली. मग तिने खुंटीवरचं जॅकेट काढून घातलं आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

लेकीने घेऊन दिलेल्या नव्या कोटातच आउने धावत गोठ्यात आली. "किएलो, ये गं बाई माझी!"

किएलोने कान हलवले, त्या परक्या सुवासाला फुसकारली आणि राइलीच्या मागे तोंड लपवलं.

आउनेचा चेहरा उतरला. हात तसाच पुढे राहिला. "विसरली मला," ती हळूच म्हणाली.

"विसरतेय कसली! तुमच्या जॅकेटला चिकटलीय ती. हे घ्या, घाला बघू." राइलीने जॅकेट उतरवून तिला दिलं आणि स्वतः मागे सरून दाराबाहेर गेली, गायीला दिसणार नाही अशी.

थोड्या वेळाने आतून आउनेचं गुणगुणणं आणि धारेचा आवाज ऐकू यायला लागला.

"म्हणजे बिचारी इतके दिवस मलाच हुंगत होती तर," कॉफी ओतताना आउने खुशीत म्हणाली.

"हो तर. मला कुठं ओळखते ती."

ताउनोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. राइलीने त्याच्याकडे रोखून पाहिलं, तसा त्याने वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून तोंडात कोंबला.

राइलीची पिशवी गाडीत ठेवताना मात्र त्याला राहवलं नाही. "खोटं का बोललीस?"

"त्यांना उद्यापासून इथं राहायचंय. मला नाही."

तिने गाडी सुरू केली. गोठ्यातून किएलो हंबरली. राइलीने मागे वळून पाहिलं नाही; पाहिलं असतं तर तिला जाववलं नसतं.