‘सातेरी प्रसाद’ची पाच माणसं

मंडळी, गेली दोन वर्षं मी इथे नुसती वाचतेय आणि गालातल्या गालात हसतेय. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या पाठून पैंजण वाजतात... छे! मी सॉफ्टवेअरवाली. बिघाड असला की कारण असतं, आणि ते शोधायला डोकं लागतं, नारळ नव्हे — असं आमच्या वयनीला, दादाच्या बायकोला, मी कितीदा तोंडावर सुनावलंय. म्हणून तर हे लिहायला जड जातंय. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी, मालवणच्या बंदरावर.

साल २००८, पावसाळा सरत आलेला. मी पुण्याहून रजेवर घरी आले होते. आमचा दादा मासेमारी करतो, होडीचं नाव ‘सातेरी प्रसाद’. तिथल्या मच्छीमार सोसायटीला मी हौसेने एक प्रोग्राम करून दिला होता. मालवण, देवगड, वेंगुर्ला — तीन बंदरांवर तीन कॉम्प्युटर. होडी कुठेही लागली की तिथला माणूस नोंद करणार आणि ती तिन्ही स्क्रीनवर दिसणार. त्यासाठी डिस्ट्रिब्युटेड कॅशिंगची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरली होती. तिन्ही मशीन आपापल्या मेमरीत एकच यादी धरून ठेवतात; डिस्कवर काही नाही, बंद केलं की पुसलं. एकमेकांचे पत्ते एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. ती फाइल मिळाली नाही तर ही लायब्ररी बोंब मारत नाही, गुपचूप स्वतःचं डिफॉल्ट घेते आणि ते मशीन एकटंच चालू राहतं.

दादा आदल्या पहाटे गेला होता. एरवी पाच जण जातात, पण बाबलोला ताप भरला म्हणून चौघेच गेले. संध्याकाळी वारा फिरला. सकाळ झाली तरी निम्म्या होड्यांचा पत्ता नाही. मोबाइलला रेंज नाही, देवगड-वेंगुर्ल्याचे फोन सतत एंगेज, आणि आमच्या स्क्रीनवर फक्त मालवणच्या नोंदी. सोसायटीच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या. वयनी आत माझ्या खुर्चीमागे उभी.

लॉग, म्हणजे प्रोग्राम स्वतःच लिहितो ती नोंदवही, उघडला. कॉन्फिगरेशन सापडलं नाही, डिफॉल्ट घेतलंय, सदस्य एक — म्हणजे आमचं मशीन एकटंच. अगो बाई! फाइल तर जागच्या जागी होती. नाव तपासलं, आतला एकेक कंस तपासला, पुन्हा तपासलं. माझ्याच शहाणपणापायी दादाची खबर अडकलीय, हे मला आतून खात होतं.

बाराचा सुमार असेल. मी हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसले होते आणि यादीत एक ओळ आली. सातेरी प्रसाद. आवक देवगड. माणसं ५.

“इली गो शुभा! इली!” वयनीने माझा खांदा असा दाबला की कळ आली.

मी लॉग बघितला. सदस्य अजून एकच. म्हणजे ही ओळ देवगडहून येणं शक्यच नव्हतं! आणि कीबोर्डला कुणी हात लावला नव्हता. तेवढ्यात देवगडचा फोन लागला. तिथले सावंतकाका म्हणाले, “रात्रीपासून लाइट नाय गो, मशीन बंद आसा. सातेरी प्रसाद? नाय बाय, अजून इली नाय.”

मी वयनीला म्हटलं, “चुकीचं काहीतरी उमटलंय. आणि पाच कशी? गेले चार.” तिचं तोंड एकदम उतरलं.

पुढच्या दहा मिनिटांत घोळ सापडला. सोसायटीच्या क्लार्कला सोपं जावं म्हणून मी आदल्याच दिवशी डेस्कटॉपवर शॉर्टकट करून दिला होता. त्यावरून सुरू केलं की लायब्ररी फाइल आपल्या फोल्डरात न शोधता भलतीकडेच शोधायची. आता पूर्ण पत्ता द्यायचा आणि रीस्टार्ट करायचं. वयनीने माझा हातच धरला.

“ता पुसू नको. तुझ्या पाया पडतंय.”

“वयनी, बाहेर बायका बसल्यात. त्यांचे घोव वेंगुर्ल्याक असतीत.”

तिने हात सोडला. मी रीस्टार्ट केलं. ओळ गेली. सदस्य दोन झाले आणि वेंगुर्ल्याच्या सात होड्या धडाधड स्क्रीनवर आल्या. बाहेर रडणं-हसणं एकच झालं. त्या सातांत आमची नव्हती. वयनी भिंतीला टेकून बसली. दादाला मीच पुसून टाकलं असं मला वाटत होतं, काय सांगू...

चार वाजता सावंतकाकांचा फोन. “इली गो! आत्ता लागली!”

“सगळे बरे आसत मां?”

“बरे आसत. पाचय जण.”

पाचवा कोण? आचऱ्याकडचा एक म्हातारा. त्याची छोटी होडी उलटली होती, रिकामा कॅन पोटाशी धरून रात्रीपासून तरंगत होता. दादाला तो दुपारी दोनच्या पुढे सापडला. ओळ आली होती बारा वाजता.

मी वयनीला मिठी मारली. ती ढसाढसा रडली आणि मग हळूच म्हणाली, “तुका सांगूक नाय. काल पहाटे किनाऱ्यार राखणदार देवाक गाऱ्हाणा घातलंय. देवा म्हाराजा, पाच जणां जातत, पाचय सुखरूप परत हाड. सवयीन पाच म्हटलंय गो! बाबलो गेलो नाय, ह्या तू म्हणासर ध्यानातच नाय. चार वाजासर जीव थाऱ्यार नव्हतो, देवाकडे खोटा बोललंय म्हणान.”

तो लॉग मी पुण्याला नेला. ओळ न् ओळ वाचली. त्या नोंदीचा मागमूस नाही. फाइल का लोड होत नव्हती ते मी दहा मिनिटांत शोधलं. ती ओळ कुणी लिहिली ते आजवर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर जरूर सांगा, मी हसणार नाही.

आता रजेवर गेले की पहाटे वयनीबरोबर किनाऱ्यावर जाते. ती माणसं मोजून मगच गाऱ्हाणं घालते. आणि मी मागे उभी राहून, गाऱ्हाण्याला होकार म्हणून, चांगली मोठ्याने म्हणते — व्हय म्हाराजा.