उंब्रजच्या लग्नातला ‘आणि’

पुतणीचं लग्न उंब्रजच्या एका कार्यालयात होतं. माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारणाऱ्या निवेदकाचा घसा आदल्या दिवशीच्या लग्नात बसला होता. घरात वर्तमानपत्रात नोकरी केलेला मी एकटाच, म्हणून थोरल्या भावाने माईक माझ्या हातात दिला.

निवेदकाने खाकरत एकच सूचना केली. "नावं घेत राहा. ‘आन्’ म्हणू नका."

सूचना मी मनावर घेतली नाही. बातमीत शेवटच्या नावाआधी ‘आणि’ लावायची सवय. सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, निवृत्त सुभेदार अशी एकेकाची नावं घेतली. शेवटी म्हणालो, "आणि पलूसहून आलेले नवरदेवाचे मामा."

मामा पहिल्या रांगेत होते. त्यांनी फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, चपला घातल्या.

"आमी काय पातेल्याच्या बुडाची आमटी हाय व्हय?"

भाऊ मागे धावला. "आवं मामा, असं काय करताय!"

"न्हाई, न्हाई. सगळ्यांस्नी वाढलं, मग ‘आन्’ करून आमाला खरवडलं."

मामा गेले तर नवरदेवाची आईही निघणार, असा निरोप लगेच आला. भाऊ घामाघूम होऊन माझ्याकडे परतला.

"पहिल्यापास्नं वाच. त्यांना वर घे. न्हाईतर लग्न मोडल्याची बातमी तूच लिही."

पुन्हा सुरुवात केली. मामा सर्वांत वर. पुढे नावामागे नाव, मध्ये काही नाही. मामा गाडीच्या दारातून परतले, फेटा चढवून बसले.

पण आता यादी संपते कुठे, हे कुणालाच कळेना. राहिलेल्यांना वाटलं, अजून जागा आहे. चिठ्ठ्या येऊ लागल्या. शिरवळच्या कंपनीतले सुपरवायझर, बँडचे मालक, चुलत साडू, चुलत साडूंचे व्याही. भटजी घड्याळ दाखवत होते. पुतणीचे हार धरलेले हात अवघडले होते. थांबावं, तर शेवटचा जो असेल तो चपला शोधणार. निवेदक घसा धरून हसत होता.

अखेर मामाच उठले. माझ्या हातातला माईक त्यांनी काढून घेतला.

"लय झाली नावं. भूक लागलीय. आता गप बसा आन् अक्षता टाका."

भटजींनी तेवढ्यावर मंगलाष्टक उचललं.