पापलेटचा कल्ला आणि सासूबाईंचा आवाज

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला नारळ उतरवणाऱ्या शेजारणींना मी आजवर हसतच आलेय. पण इथे ग्रुपवर सगळेच आपापले अनुभव लिहितात, तर माझाही लिहून टाकते... हसलात तरी चालेल, घरचेही हसतात.

दोन हजार तेराच्या आसपासची गोष्ट. आम्ही पनवेलजवळ करंजाडेला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. विमानतळ येतोय म्हणून नीलेशने — माझ्या मिस्टरांनी — तिथे फ्लॅट घेतला. विमान काही आलं नाही, त्याआधी नीलेशच गेला. हार्ट अटॅक. मी आणि आठ वर्षांची सई, दोघीच उरलो.

मी मूळची मिरजेची, शाकाहारी घरातली. सासर आगरी. लव्ह मॅरेज, दुसरं काय. सासूबाई नीलेशच्या वर्षभर आधी वारल्या. मी त्यांना आई म्हणायचे. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की गावात भांडण लागलं की लोक आधी त्यांना बोलावून आणत. माझं उलट. मी दवाखान्यात रिसेप्शनला होते आणि पेशंटचं नाव पुकारलं की समोरच बसलेला पेशंट विचारायचा, "काय म्हणालात?" आई म्हणायच्या, "सूनबाय, तुजा 'नाय' कोनाला ऐकूच येत नाय." खरंच होतं ते. नाही म्हणणं मला कधी जमलंच नव्हतं.

नीलेश गेल्यावर मी पार खचले. मग मिरजेहून माझा दादा आला आणि परस्पर ठरवून मोकळा झाला — फ्लॅट भाड्याने द्यायचा, सईची शाळा बदलायची, आम्ही दोघी कायमच्या मिरजेला. "एकटी बाई इथे कशी राहणार तू?" मला जायचं नव्हतं. सईच्या मैत्रिणी, माझी नोकरी, नीलेशने हौसेने लावलेल्या टाइल्स, सगळं इथेच होतं. पण मी मान हलवली. रविवारी टेम्पो येणार होता.

त्या रविवारी सकाळी सई म्हणाली, "शेवटचं पापलेट खाऊया ना. मामाकडे कुठे मिळणार?" म्हणून नाकाला ओढणी लावून मी पनवेलच्या मासळी बाजारात गेले... आयुष्यात पहिल्यांदा. मासे नेहमी नीलेश आणायचा. मी कालवण करायचे, तेही चव न घेता.

एका म्हाताऱ्या मासेवालीने पापलेट पुढे केलं. "ताजा हाय गो बाय, आताच बोटीवरशी आयलाय." मी पर्स उघडली. आणि माझ्या तोंडून — शपथेवर सांगते, मनात काहीही नव्हतं — आईंचा आवाज बाहेर पडला.

"कल्ला उघर, टिटवे. परवाचा मावरा माज्या नातीला खायाला घालतेस?"

आजूबाजूचा गलका थांबला. मासेवालीचा कोयता हातातच राहिला. तिने पापलेटचा कल्ला, म्हणजे गालाचं झाकण, उघडला तर आत लालभडक असायच्या जागी सगळं तपकिरी, शिळं. मग हळूच म्हणाली, "तू कोनाची गो?" मी सासूबाईंचं नाव सांगितलं. या वेळी माझा नेहमीचाच आवाज निघाला, कारण तिला दोनदा विचारावं लागलं.

नाव कळल्यावर तिने कोयता खाली ठेवला. "आमी दोगी एका गावच्या. लानपनी मी सारकी रडायची, म्हनून ती मना टिटवी बोलायची. तिच्याबिगर या नावानं कोनी हाक मारली नाय. माज्या नवऱ्यालाबी ठाव नाय."

बाजूच्या दोघी लगेच माझ्या पाया पडल्या. एकीने सुनेला मूल कधी होईल ते विचारलं. मी म्हटलं, अहो, मला खरंच माहीत नाही. टिटवीने बर्फाखालून ताजी पापलेटं काढली आणि वर मूठभर कोलंबी टाकली.

घरी आले तर टेम्पो खाली उभा आणि दादा फ्रिजला दोरी बांधत होता. दाराची चौकट धरून मी मनात म्हटलं, आई, आता या. आणि मी बोलले.

"दादा, दोरी सोड. आम्ही येणार नाही. मी इथेच राहणार, नोकरी करणार, सईला वाढवणार. तू जेवून जा."

दादाने पुष्कळ समजावलं. मग आवाज चढवला. मी खोक्यातून कढई काढून घेतली. शेवटी टेम्पो रिकामा परत गेला आणि दादा पापलेटकडे पाठ करून वरणभात जेवला. निघताना सईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या आईत काय शिरलंय कोण जाणे."

दुपारी भांडी लावताना मी सईला बाजारातलं सगळं सांगितलं. म्हटलं, "आज आजी दोनदा आली होती गं. एकदा बाजारात आणि एकदा मामाशी बोलताना."

"मामाशी?" सई म्हणाली. "नाही गं. तेव्हा तूच बोललीस. तुझाच आवाज होता. फक्त ऐकू आला."

मी हातातली ताटली पुन्हा पुन्हा पुसत बसले. रडूही आलं आणि हसूही.

बाजारातलं कोडं मात्र आजही सुटलेलं नाही. लोक म्हणतात, ते नाव नीलेशकडून ऐकलं असशील. पण नीलेशला ते माहीत असतं, तर भर बाजारात टिटवीला चिडवल्याशिवाय तो राहिलाच नसता. आता मासे मीच आणते. मी समोर उभी राहिले की टिटवी आधी मला नीट न्याहाळते आणि विचारते, "आज कोन आयलीय? तू का ती?"

"मीच," मी म्हणते. "पण कल्ला उघड."