बंगल्याच्या व्हरांड्यातली चार मुले

पाळणाघराचे ते प्रकरण मला आजही जसेच्या तसे आठवते. माझ्या नोकरीत याहून मोठी प्रकरणे झाली, पण ती कोणी विचारली तरच आठवतात.

मी फौजदार नव्हते, शिपाईही नव्हते. त्या काळी पोलिसात बायका घेत नसत. पण बाईची झडती पुरुषाने घ्यायची नाही असा नियम होता, म्हणून सोलापूरच्या आमच्या ठाण्यावर एक झडतीवाली बाई ठेवलेली असे. माझा नवरा हवालदार होता, तो तापाने गेला. मी मराठी चौथी शिकले होते, म्हणून ती जागा मला दिली. झडती घेणे, बाई कोठडीत असेल तर तिच्याजवळ बसणे, तिला दवाखान्यात आणि कोर्टात नेणे, हे माझे काम. बायका काय कुठे लपवतात ते मला लवकरच कळले. लुगड्याच्या कमरेशी खोचलेल्या केळ्यात, अंबाड्यात, पानसुपारीच्या चंचीत आणि कडेवरच्या मुलाच्या अंगावर. यापलीकडे फार कोणाला सुचत नाही.

नावे लिहीत नाही. त्या माणसांची नातवंडे सोलापुरातच आहेत.

वर्षे मंदीची होती. गिरण्यांत पाळ्या कमी झाल्या होत्या. गिरणीवाल्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी सरकारी मदतीवर चालणारे एक पाळणाघर होते, ते काटकसर म्हणून बंद केले. त्याच महिन्यात बंगल्यांकडच्या रस्त्याला विजेचे दिवे लागले. बायका गिरणीतून येताना ते दिवे बघत. पाळणाघराच्या कमिटीचे अध्यक्ष त्याच रस्त्यावर राहत. बायका त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेल्या तेव्हा बंदोबस्ताला मीही होते. अध्यक्षसाहेब पायरीवर उभे राहून शांतपणे म्हणाले, "आपापली मुलं आपापल्या घरी सांभाळावीत." ते रागाने बोलले असते तर बायकांनी ऐकून घेतले असते. शांतपणे बोलले, ते त्यांना लागले.

त्यानंतर पंधरवड्याने एका सकाळी त्या बंगल्याचा माळी ठाण्यात आला.

"व्हरांड्यात पोरं निजल्यात, जमादार. चार हायत."

"कुणाची?"

"ते मला काय ठावं. बाईसाहेब म्हनत्यात, उचलून न्या."

मी आणि दोन शिपाई टांग्याने गेलो. गोधडीच्या तुकड्यांवर चार मुले ओळीने ठेवली होती, सगळी पाच-सहा महिन्यांची. टांग्याच्या हादऱ्यांनी त्यांतले एकही जागे झाले नाही, तेव्हा मी टांगा ठाण्याऐवजी सरकारी दवाखान्याकडे घ्यायला सांगितला.

डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या आणि अफू म्हणून सांगितले. यात नवल नव्हते. बाळगोळी म्हणून अफूची बारीक गोळी मिळायची. अफू सरकारमान्य दुकानात विकत मिळे, गोळ्या बायका घरी वळत. गिरणीत जाताना आई मुलाला ती चाटवायची, मूल दुपारपर्यंत निजून राहायचे. पाळणाघर सुरू झाल्यावर ही सवय मोडली, असे सगळे म्हणत होते.

तासाभरात तीन मुले कुरकुरू लागली. चौथे उठेना. त्याचा श्वास फार सावकाश चालला होता.

डॉक्टर म्हणाले, "एकच गोळी पोटात असेल तर वाट बघू. जास्त असेल तर पोट धुवावं लागेल. एवढ्या लहान जिवाचं पोट धुण्यातही धोका आहे. किती दिली ते मला कळलं पाहिजे, आणि लवकर."

मी तिन्ही मुले घेऊन ठाण्यात आले आणि फौजदारांना हे सांगितले.

फौजदार कामाचा माणूस होता. मारहाण करणारा नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना एका गिरणीच्या मुकादमाकडून खबर मिळाली. पाळणाघर बंद झाल्यापासून सूत गुंडाळण्याच्या खात्यातल्या अंगावर पाजणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत घराकडे पळत, मुलाला पाजून भोंग्याच्या आत परत येत. मुकादम म्हणाला, "आज चौघी गेटाकडं गेल्याच न्हाईत. बसून भाकर खाल्ली. कदी न्हाय ते."

चौघींना ठाण्यात आणले. व्हरांड्यात बसवून फौजदारांनी एकेकीला विचारले.

"तुझं मूल कुठं आहे?"

"मैंदर्गीला, आईकडं."

"तुझं?"

"माजंबी मैंदर्गीलाच. हिच्या आईकडं."

"आणि तुझं?"

"करमाळ्याला नणंदेकडं हाय की."

चौथी हिरव्या लुगड्यातली होती, चौघींत वयाने लहान. ती म्हणाली, "माजं निजलंय." कुठे, ते सांगेना.

फौजदारांनी त्यांना कायदा सांगितला. मूल उघड्यावर टाकून दिले तर आईला सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. मुले कोणी ओळखली नाहीत तर ती अनाथाश्रमात जातील. चौघी ऐकून घेत होत्या. मग फौजदारांनी तिन्ही मुले त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवायला सांगितली. मुले भुकेली होती, रडू लागली. फौजदारांचा हिशेब असा, की आई आपल्याच मुलाकडे जाईल.

चौघींच्या चोळ्या भिजल्या. शिपायांनी माना फिरवल्या. थोरलीने जवळचे मूल उचलले आणि पदराखाली घेतले.

"ते तुझं आहे तर," फौजदार म्हणाले.

"भुकेलंय म्हनून पाजती, साहेब. माजं हाय म्हनून न्हवं." एका अंगाला पाजून तिने ते खाली ठेवले आणि दुसरे घेतले. बाकीच्यांनीही तसेच केले. पाळणाघरात जी आधी पोचेल ती रडणाऱ्या मुलाला पाजायची, अशीच त्यांची रीत होती. मुलांनाही त्याची सवय होती. कोणते कोणाचे, हे त्या मुलांवरूनही कळेना.

"दूध तर आलं की तुम्हाला," जमादार म्हणाला.

"दूध मांजराचं पिल्लू वरडलं तरीबी येतंय, जमादार. तुमाला कसं ठावं असनार," थोरली म्हणाली.

तेव्हा फौजदारांनी खरी गोष्ट सांगितली. चौथे मूल दवाखान्यात आहे, उठत नाही. ही पोलिसी युक्ती आहे असे चौघींना वाटले, ते तोंडावर दिसत होते. एक तर हसलीसुद्धा. आधी डाव टाकून मागून खरे सांगितले, की असेच घडते. खरे कोणी मानत नाही.

एव्हाना पाळी सुटली होती. ठाण्यासमोर बायकापुरुष जमले. तेलुगू विणकरांच्या बायकाही हातमाग सोडून आल्या होत्या. "आमच्या बाया सोडा" अशी ओरड सुरू झाली. कोणी म्हणत होते, "साहेबाच्या घोड्याला खरारा करायला मानूस हाय, आमच्या पोरास्नी न्हाय." लाठ्या बाहेर काढू का, असे जमादाराने विचारले. फौजदारांनी नको म्हटले, पण चौघींना कोठडीत घ्या म्हणाले. कोठडीत घ्यायचे म्हणजे आधी झडती.

तिघींकडे काही मिळाले नाही. हिरव्या लुगड्यातलीच्या चंचीत सुपारीखाली कागदाची पुडी होती, तिच्यात काळ्या गोळ्या. मी पुडी हातात धरली आणि तिला म्हटले, "ज्याच्या डाव्या कानामागं डाग आहे, ते मूल दवाखान्यात आहे. सकाळी मी स्वतः नेलं. ते उठत नाही. ही युक्ती नाही. मी युक्त्या करत नाही, मला त्याचा पगार नाही."

डाग ऐकल्यावर तिला खरे वाटले.

"किती दिलीस?"

"एकच. पहाटंला. रोज एकच देती."

"नक्की एकच?"

"लेकराची आन. पर बाई, हे मावशीला सांगू नगा."

मला आश्चर्य वाटले. समोर सात वर्षांची शिक्षा, आणि ही कोणत्या मावशीला भिते?

त्याचे उत्तर थोड्या वेळाने आपल्या पायांनी ठाण्यात आले. बंद पाळणाघराची म्हातारी आया चौघींसाठी भाकरी घेऊन गर्दीतून थेट आत आली. सगळ्या बायका तिला मावशी म्हणत. जमादार तिला ओळखत होता. फौजदारांनी तिला थांबवून घेतले आणि झडतीला माझ्याकडे पाठवले. तिच्या कमरेच्या पिशवीत पत्र्याची लहान डबी होती. त्याच काळ्या गोळ्या.

"हे काय, मावशी?"

"काय ते दिसतंय की."

"पोरांना दिली?"

तिने थोडा विचार केला. "दिली. येकेक. वाटंनं रडली असती तर माळी जागा झाला असता." मग म्हणाली, "आजच्यापुरतीच. माज्या हातानं मी कदी दिली न्हाय. कुना बाईकडं गोळी घावली तर मी गटारात टाकत हुते. इचारा कुनालाबी."

मला विचारायची गरज नव्हती. पहाटे आईने एक दिली होती आणि भीतीने आयेला सांगितले नव्हते. आयेने दुसरी दिली, कारण आपल्या बायका गोळी देत नाहीत अशी तिची खात्री होती.

मी आयेला दंडाला धरून कोठडीशी नेले आणि हिरव्या लुगड्यातलीसमोर उभे केले. सांगू नका म्हणून तिने मागितले होते. मी वचन दिले नव्हते, आणि दिले असते तरी मोडले असते.

"हिनंही पहाटे एक दिली होती," मी म्हटले.

आयेने तिच्याकडे पाहिले. "कवापासनं देतीस?"

ती पोरगी खाली बघत म्हणाली, "पयल्यापासनं. पाळनाघर हुतं तवाबी. ते रातीचं निजूच देत न्हवतं, मावशी. दिसभर खात्यात उबं राहायचं. म्हनून."

आयेने त्या पोरीचा हात धरला आणि मला म्हणाली, "चला की आता. हितं काय बगत बसलाय?"

फौजदारांना मी दोन गोळ्या एवढेच सांगितले. त्यांनी कागद पुरे करायची वाट न बघता आम्हाला सोडले. दारात गर्दी अंगावर आली. आया ओरडली, "सरका, लेकरू आजारी हाय," तशी वाट झाली. मघाशी लाठ्यांनी जे झाले नसते ते एका वाक्याने झाले.

डॉक्टरांनी पोट धुतले, मग कडक कॉफीचे थेंब पाजले. आईला सांगितले, झोपू द्यायचे नाही, तळपायांना टिचक्या मारत राहा. ती टिचक्या मारत राहिली. मूल हलले नाही की ती आयेकडे बघे आणि आया म्हणे, "मार. हात थांबवू नगं." दिवेलागणीच्या सुमाराला मूल रडले. पहिल्यांदा बारीक, मग चांगले मोठ्याने. आई तरीही टिचक्या मारतच होती. आया म्हणाली, "आता रडतंय त्येला रडू दे."

आयेने जबाब दिला. मुले आपल्या ताब्यात होती, चौघींना ठाऊक नव्हते, ती आपणच नेऊन ठेवली, असे तिने सांगितले. यातले किती खरे ते फौजदारांना कळत होते. त्यांनी तसेच लिहून घेतले आणि अंगठा घेतला. हिरव्या लुगड्यातलीची गोळीही लिहिली, तिला ताकीद मिळाली. बाकीच्या सुटल्या.

कोर्टात मॅजिस्ट्रेटांनी आयेला विचारले, मुले त्या व्हरांड्यात का ठेवलीस. ती म्हणाली, "साहेब बोलले हुते, आपापल्या घरी सांबाळा. आमच्या घराला कुलूप, आमी गिरनीत. त्येंच्या घरी मानसं बी हुती आन जागा बी मोकळी हुती." मागच्या बाकांवर लोक हसले. तिला काही महिन्यांची सजा झाली. तुरुंगात मीच पोचवले. वाटेत तिने एकदाच विचारले, "त्ये पोरगं कसं हाय?" मी सांगितले, बरे आहे.

मी त्या बाईला थोर म्हणणार नाही. दुसऱ्याची मुले घेऊन तिने साहेबाला धडा शिकवायला जायला नको होते. एक मूल तिच्या हातून जवळजवळ गेलेच होते. सजा मला योग्य वाटली, आजही वाटते. पाळणाघर बंद करणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही, तेही लिहून ठेवते. बंगल्याला लोखंडी फाटक बसले. पाळणाघर पुन्हा उघडले नाही.

या प्रकरणाने मला कामाची एक गोष्ट शिकवली. आरोपी पोलिसाला भितो असे पोलीस धरून चालतात. ती पोरगी आम्हाला भीत नव्हती. जिच्या नजरेतून उतरायचे नव्हते, तिला भीत होती. पुढे कोणी बाई गप्प बसली की मी पहिल्यांदा बघे, ती कोणाकडे बघायचे टाळते. बहुतेक वेळा त्यातून वाट सापडली.

दुसरी गोष्ट नोकरीत उपयोगी पडली नाही. त्या चार मुलांसाठी एक दिवस सगळे राबलो. फौजदार, जमादार, शिपाई, टांगा, डॉक्टर, पुढे कोर्ट. थोड्या दिवसांनी समन्स देणाऱ्या शिपायाबरोबर मी त्या चाळीत गेले होते. सकाळचा भोंगा होऊन गेला होता. हिरव्या लुगड्यातलीच्या दाराला बाहेरून कुलूप होते. फटीतून बघितले तर मूल झोळीत होते. मी कडी वाजवली, ते जागे झाले नाही. परत वाजवली, तेव्हा त्याने मूठ उघडली आणि मिटली. शिपाई म्हणाला, "काय झालं, बाई?" मी म्हटले, काही नाही. कुलूप घरच्यांनीच लावले होते, अफू दुकानातून रीतसर घेतलेली होती, आणि यात ठाण्यात नोंदवण्यासारखे काही नव्हते.