खाली कोणाचं घर?

धरणाच्या पाण्यात आमचं गाव बुडालं तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, दहा-बारा वर्षांचे होते. पुढे त्याच पाण्यावर ते मासे धरायला लागले, आणि जाळं टाकायच्या जागांना बुडालेल्या घरांचीच नावं पडली. होडी थांबवून ते मला विचारायचे, "खाली कोनाचं घर?" मी काठावरची टेकडी आणि आंब्याचं झाड बघून अंदाज घ्यायची आणि सांगायची, "सुताराचं." सुताराच्या ओट्यावर रोहू, पाटलाच्या गोठ्यात मरळ. कधी न पाहिलेलं गाव मला असं पाठ झालं.

आमच्या स्वतःच्या घरावर मात्र जाळं अडकायचंच. दरवर्षी एक तरी तिथे सोडून यावं लागे. आई कडाडायची, "त्या घराला किती पडदे लावता हो?" तात्या हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच टाकायचे.

आई गेली आणि नंतर मासेमारी बंद झाली. पाणी शहराला प्यायला राखलंय, होड्या बाहेर काढा, असा हुकूम आला. ते शहर म्हणजे नाशिक, आणि मी तिथेच चौथ्या मजल्यावर राहते. नळ सोडताना मला आजही लाज वाटते. तरणी माणसं दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेली. तात्या पालथ्या होडीशेजारी एकटे बसून राहिले.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्यांना न्यायला गेले. भर दुपार होती. धरणाकाठच्या आमच्या वस्तीत कुत्रंसुद्धा नव्हतं. काठाशी मासे ओळीने उभे होते, तोंडं आमच्याकडे करून. मी टाळी वाजवली, एकही हलला नाही.

"वाट बघत्यात," तात्या म्हणाले.

"तात्या, चला ना आता माझ्याकडे."

"एकडाव घर बघतो, मंग येतो."

पाणी त्या वर्षी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. भिंती विरघळल्या होत्या, दगडी चौकट तेवढी उभी होती. तिच्यावर आमची जाळी, एकावर एक, कुजून काळी पडलेली. उंबऱ्याशी साचलेल्या पाण्यात सगळ्यात खालचं जाळं बुडालं होतं आणि त्यात एक कटला तडफडत होता. दोन वर्षं कुणी जाळं टाकलं नव्हतं, तरी आमच्या दारात मासेमारी चालूच होती.

तात्यांनी तो सोडवला. मग चपला काढून ते उंबरा ओलांडून आत गेले आणि भिंती नसलेल्या घरात उभे राहिले. तिसऱ्या हाकेला बाहेर आले. "चल," म्हणाले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

नाशिकला आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी ते गॅलरीत उभे दिसले. दोरीला दगड बांधून हळूहळू खाली सोडत होते.

"खाली कोनाचं घर?"

"रिटायर झालेल्या मास्तरांचं, तात्या."

त्यांनी मान हलवली आणि दोरी वर ओढली. टोकाला ती हातभर ओली होती. खालच्यांनी कुंड्यांना पाणी घातलं असेल, असं मी मनाला समजावलं. ते गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेले आणि तिथे दोरी सोडली.

"आन्‌ आपलं?"

होडीत थांबायचे तसे ते माझ्या उत्तरासाठी थांबले. मी समोर पाहिलं. ना टेकडी होती, ना आंबा.