सात सोडून दहापर्यंत

माझ्या भाऊजींना अख्खं गाव 'जरा सरका' म्हणून ओळखतं. लग्न असो, शाळेचं संमेलन असो, नाहीतर कुणाचा निवृत्तीचा निरोप, खांद्यावर कॅमेरा घेतला की ते हे दोनच शब्द बोलतात. एकदा त्यांनी खुद्द नवरदेवाला सरकवलं होतं. माझ्याही लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं. त्यात मी फारसा दिसत नाही, पण सभागृहाची झुंबरं मात्र फार छान आली आहेत.

कॅमेरा अठरा वर्षांचा, टेपवाला. जग कार्डावर गेलं तरी भाऊजी टेपवरच राहिले. कामाच्या दिवशी सकाळी चाचणी घेतल्याशिवाय त्यांनी घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर माझ्या भाचीला बसवायचं आणि म्हणायचं, "मोज." ती एक ते दहा मोजायची. भाऊजी एक डोळा मिटून दुसऱ्याने आवाजाची पट्टी बघायचे. पट्टी नीट हलली की टेप मागे न्यायची आणि जाऊन त्याच जागेवर नवरा-नवरी घ्यायचे. कोरी टेप वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. भाची चार वर्षांची होती तेव्हापासून बावीस वर्षांची होईपर्यंत हे चाललं. वर्षाला चाळीसएक कामं धरा. तेवढ्या वेळा पोरीचं शूटिंग झालं आणि तेवढ्याच वेळा तिच्यावर कुणाचं तरी लग्न लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग एका शुक्रवारी कॅमेऱ्याने टेप गिळली ती परत दिलीच नाही. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं.

"याचे सुटे भाग आता येत नाहीत," तो म्हणाला.

"कधीपर्यंत येतील?" भाऊजींनी विचारलं.

रविवारी एक लग्न ठरलेलं होतं. सोमवारी भाची नोकरीसाठी परदेशी निघणार होती. म्हणून शनिवारी आम्ही चौघं कॅमेऱ्याच्या दुकानात निघालो. नवरा-बायकोत मध्यस्थ लागतो म्हणून मी होतो, आणि गाडी माझी होती म्हणूनही.

वाटेत ताईने आपली अट सांगितली. "हा कॅमेरा नुसता धंद्याचा नको. घराचाही पाहिजे. मला एका हातात धरता आला पाहिजे."

"घरात काय शूट करणार?" भाऊजी म्हणाले.

"काय राहिलंय आता? पोरगी परवा चालली. तिच्या लहानपणीचा आवाज आपल्याकडे एक सेकंदसुद्धा नाही."

"फोटो आहेत की."

"फोटो बोलत नाहीत."

"तुझ्या मोबाइलवर आहे ना बोलताना?"

"ते आत्ताआत्ताचं. मला ती चार वर्षांची पाहिजे होती. ती तुम्ही पुसली."

भाऊजी खिडकीबाहेर बघत बसले. भाची कानाला तारा लावून गाणी ऐकत होती, म्हणजे ऐकतेय असं दाखवत होती. मला भाऊजींची दया आली. पण ताईचं खोटं नव्हतं, त्यामुळे मी गिअर बदलला.

विक्रेत्याने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. मोठा, मधला आणि मुठीत मावणारा. भाऊजींचा हात सरळ मोठ्यावर गेला. कॅमेरा खांद्यावर बसला नाही तर लग्नघरची माणसं जेवायला विचारत नाहीत, हा त्यांचा अठरा वर्षांचा अनुभव. ताईने मोठा उचलून पाहिला आणि परत ठेवला. मुठीतल्याकडे बघून भाऊजी म्हणाले, "हा घेऊन गेलो तर मला पाहुणा समजतील."

उरला मधला. विक्रेता सांगू लागला, "याला दोन कार्डं बसतात. एक भरलं तर—"

"एक धंद्याचं आणि एक घराचं," ताई म्हणाली. "घरच्याला यांनी हात लावायचा नाही."

"आधी आवाज बघू," भाऊजी म्हणाले. त्यांनी कॅमेरा उचलला, सवयीने एक डोळा मिटला आणि भाचीला म्हणाले, "मोज."

बावीस वर्षांची, नोकरी लागलेली मुलगी भर दुकानात सरळ उभी राहिली आणि तिने मोजलं. भाऊजी पट्टीकडे बघत होते. पट्टी उत्तम हलली.

विक्रेत्याने ते पडद्यावर पुन्हा लावून दाखवलं आणि म्हणाला, "आवाज क्लिअर आहे, साहेब. फक्त सात राहिला."

"काय राहिलं?"

"सात. मॅडम सहानंतर एकदम आठ म्हणाल्या."

भाऊजींनी भाचीकडे पाहिलं. "विसरलीस?"

"लहान असताना विसरायचे," ती म्हणाली. "मग मुद्दाम गाळायला लागले. म्हटलं, बघू बाबांच्या कधी लक्षात येतं."

"कधीपासून?"

"चार वर्षांची असल्यापासून," ताई म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

भाऊजींनी पडद्यावर ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. सहा, आठ. अठरा वर्षं कामाच्या दर सकाळी समोर बसलेली पोर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, आणि ती परवा जाणार होती. मी ट्रायपॉडच्या किमती वाचू लागलो.

"हे पुसून तुम्हाला बाकीचं दाखवतो," विक्रेता म्हणाला आणि त्याने बोट पुढे केलं.

"पुसू नका."

"पण साहेब, हे दुकानाचं कार्ड आहे."

"मग तेही बिलात धरा."

मधला कॅमेरा घेतला. रविवारचं लग्न पार पडलं. भाऊजींना जेवायला कुणी विचारलं नाही. सोमवारी भाची गेली.

पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघरात चाचणी चालू होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर ताईचा मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. ताई शेजारी उभी. मोबाइलला भाऊजी कॅमेराच काय, वस्तूही मानत नाहीत, पण त्या दिवशी ते गुडघे टेकून त्याच्यावर कॅमेरा रोखून बसले होते. दोन्ही डोळे उघडे.

"मोज," ते म्हणाले.

मोबाइलमधून भाची मोजू लागली. सहाच्या पुढे क्षणभर थांबली, आठ म्हणाली आणि दहावर पोचली.

"आला का आवाज, बाबा?"

"आला," भाऊजी म्हणाले. "पण परत एकदा मोज. फोकस जरा हलला."

डब्याला टेकवलेला मोबाइल जागचा हलला नव्हता. मी तसं म्हणणार, तोच ताईने मला कोपराने ढोसलं.