माझा सरदार आणि तिची लेक

आमच्या कथेत सरदार मी होते आणि सरदाराची लेक माझी मैत्रीण. वाटणी आवाजावरून झाली. माझा आवाज राजारामपुरीच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचा, आणि ती बोलली की मास्तर म्हणायचे, "जरा मोठ्यानं." ती बुकबाइंडरची पोर. तिचे अब्बा, म्हणजे माझे चाचा, कापून उरलेल्या कागदांच्या वह्या शिवून द्यायचे. कॉलेजच्या दिवसांत त्या वहीत आम्ही दोघी मिळून एक कथा लिहायचो. चार दिवस वही माझ्याकडे, चार दिवस तिच्याकडे. सरदार काय बोलला ते मी लिहायचं, लेक काय बोलली ते तिनं.

नियम होते. दुसरीच्या माणसाला परस्पर हात लावायचा नाही. पुढं काय घडवायचं ते वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं ठरवायचं, आणि कथेत घरचं काही आणायचं नाही. नियम तिनं केले, कारण मोडायची मी. एकदा मी तिला न विचारता लेकीचं लग्न लावून टाकलं, वरातीसकट. बाईसाहेब आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वही आली. लेक मांडवातून उठून गेली होती आणि नवरदेवाला जुलाब लागले होते. मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "परत न विचारता काही केलंस तर सरदारालाही लागतील."

दुसरं भांडण लांबीचं. माझा सरदार नुसता घोड्यावर बसायला दोन पानं घ्यायचा. त्यावर तिच्या लेकीचं उत्तर काय? "बरं." एवढंच! मी रक्त आटवून लिहायचं आणि हिचं आपलं बरं. मी चिडून मागं लिहिलं, "निदान चार ओळी तरी लिही की!" तिनं खाली लिहिलं, "तुझा सरदार श्वास घेईल तेव्हा लिहिते."

शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा परीक्षेआधीच तिचं लग्न झालं. नवरा इचलकरंजीचा, मागावर काम करणारा, माणूस शांत. पण पदवी राहिली. तिला ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवी होती. मी आपली पास झाले, एवढंच. तिच्या सासूबाईंनी शब्द दिला होता की पुढच्या वर्षी परीक्षेला पाठवू, पण कोल्हापुरातनं कोणीतरी आपण होऊन न्यायला आलं पाहिजे. सुनेनंच बोलावणं धाडलं असं दिसता कामा नये. चाचांना ते जमणारं नव्हतं. लेकीच्या सासरी काही मागायचं म्हटलं की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मी छाती ठोकून तिला म्हणाले, "तू नुसतं कळव, मी येतो न्यायला." आम्ही कोल्हापूरच्या पोरी, येतो-जातोच म्हणणार.

वही चालू राहिली. चाचा महिन्यातून दोनदा लेकीला भेटायला जायचे, त्यांच्या पिशवीतून ती जायची आणि यायची. फक्त मागची पानं कोरी येऊ लागली. कारण चाचांनीच सांगितलं. तिच्या नणंदा वही हातात आली की मागूनच वाचायला लागायच्या. "कथा कुणी वाचत न्हाय बेटा. लई लांबण लावलीया म्हणत्यात." हा टोमणा कुणाला होता ते मला बरोबर कळलं.

मग थंडीत वही आली, तेव्हा तिची लेक चक्क पानभर बोलली होती. "आबासाहेब, नदीपलीकडच्या गुरूंकडे माझी विद्या अर्धी राहिली आहे. अमावास्येच्या आत नाव घातलं नाही तर त्यांचं दार बंद होईल. घोडा पाठवा. मी निघायच्या तयारीत आहे."

मी भडकलेच. आमचं तिच्या लग्नाआधीच ठरलं होतं काय? गडाला वेढा पडणार, लेक गडावर राहणार. वेढ्याची माझी सहा पानं तयार होती! आणि ही परस्पर निघाली विद्या शिकायला. कॉलेजात परीक्षेचे फॉर्म सुटलेत हे मला माहीत होतं. वाटलं, यायचं असेल तर कळवेल की. आणि मी झोकात जबाब लिहिला. "घोडा मिळणार नाही. वेढ्यात बापाला टाकून सरदाराची लेक जात नाही. विद्या पुन्हा मिळेल, गड मिळणार नाही." आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "बाप हाय का कसाई?" मला ती दाद वाटली.

पुढच्या खेपेला चाचा वही न घेताच आले. उंबऱ्यावर बसून म्हणाले, "फॉर्मची मुदत परवा संपली बेटा. तिनं तुला विचारलंवतं म्हणं. तू न्हाय म्हणालीस."

"मी? मला कधी विचारलं?" असं म्हणता म्हणताच मला कळलं. चाचा माझ्याकडं न बघता पिशवीची घडी घालत राहिले.

दुसऱ्या सकाळी एसटी धरली आणि इचलकरंजी गाठली. तिच्या सासूबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आम्ही रोज वाट बघितली बाई. वाटंत खायाला काय द्यायचं ते बी ठरवलंतं. कोण आलंच न्हाय."

मैत्रीण आत स्टोव्हपाशी होती. शेजारच्या शेडमधला मागांचा खडखडाट एवढा, की मला तिच्या कानाशी बोलावं लागलं. "अगं, मला वाटलं ते कथेतलंच आहे."

"तसंच वाटायला पाहिजे होतं की," ती म्हणाली. "नणंदांना. तुला न्हाय."

मी तिथंच रडायला लागले. ती पदरानं माझं तोंड पुसत होती आणि वर मलाच समजावत होती, की तिला वाटलं आमच्या घरात काही अडचण असेल, म्हणून मी कथेच्याच रीतीत नकार दिला. मग हसून म्हणाली, "पर जबाब झकास लिहिलावतास. दोनदा वाचला."

पुढच्या वर्षी फॉर्म सुटले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिनं काही न कळवता, मी तिच्या दारात उभी राहिले. तिच्या मांडीवर दीड महिन्याची मुलगी होती. "आता कशी येऊ गं?" म्हणाली आणि मला बसायला पाट सरकवला. परीक्षेला ती कधीच बसली नाही.